सटवाईचा लेख आणि हिलमनचं बीज : संशोधनाला ‘आतली हाक’ लागते का?

पीएचडीच्या मुलाखतीला गेलात की एक प्रश्न हमखास येतो : “संशोधनच का?” तयारी करताना बरेच जण उत्तराची सुरुवात “लहानपणापासूनच मला…” अशी करतात. ज्यांच्याकडे लहानपणाची अशी गोष्ट नसते, ते एक तर ती रचतात, नाहीतर मनात धरून बसतात की आपला पिंडच संशोधकाचा नाही. पेट, सेट, नेटचा अभ्यास चालू असताना ही शंका डोक्यात घेऊन फिरणारे कितीतरी जण आहेत. आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ज्यांना हाक अगदी स्वच्छ ऐकू येते, त्यांनीही वाचावा, कारण त्यांचा धोका वेगळा आहे.

लेखाचं निमित्त एक पुस्तक आहे : जेम्स हिलमन यांचं ‘द सोल्स कोड’, प्रकाशन १९९६. पुस्तक प्रचंड खपलं, आणि ‘प्रत्येकाची एक हाक असते, ती शोधा’ ही आज भाषणांतून आणि रील्समधून फिरणारी कल्पना तिच्या सगळ्यात प्रगल्भ रूपात वाचायची असेल तर ती इथे सापडते. म्हणून टीका करायची तर रीलवर नको, या पुस्तकावर करू. वादात समोरच्याची सगळ्यात मजबूत बाजू आधी मांडायची, ही सवय संशोधनातही उपयोगी पडते.

हिलमन काय म्हणतात

हिलमन (१९२६–२०११) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. झुरिकच्या युंग इन्स्टिट्यूटमध्ये ते अभ्यासप्रमुख होते. युंगकडून त्यांनी आदिबंधाची कल्पना घेतली, म्हणजे माणसाच्या स्वप्नांत, कथांत, दैवतांत पुन्हा पुन्हा दिसणारे मूळ आकार. पण पुढे त्यांनी स्वतःची वेगळी वाट काढली. त्या वाटेला आदिबंधात्मक मानसशास्त्र म्हणतात. ‘मन म्हणजे दुरुस्त करायचं यंत्र’ ही भूमिका त्यांना मान्य नव्हती. मनाला त्याच्या प्रतिमांमधून समजून घ्या, लक्षणाला लगेच आजार ठरवू नका, असा त्यांचा आग्रह होता.

‘द सोल्स कोड’मध्ये त्यांनी ‘एकॉर्न थिअरी’ मांडली. एकॉर्न म्हणजे ओक वृक्षाचं बीज. बीजात जसा अख्खा ओक असतो, तसा प्रत्येक माणसात जन्माआधीपासून त्याचा एक आकार असतो आणि तो जगला जावा अशी मागणी करत असतो, असं त्यांचं म्हणणं. आधार प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या शेवटी येणाऱ्या एर नावाच्या माणसाच्या कथेचा. जन्माला येण्याआधी आत्मा आपलं आयुष्य निवडतो, सोबत त्याला एक ‘डायमॉन’ म्हणजे राखणदार मिळतो, मग तो विस्मृतीच्या नदीचं पाणी पितो आणि सगळं विसरून जन्माला येतो. निवड विसरतो तो आत्मा. राखणदार विसरत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आमच्या कोंढ्यात काय किंवा महाराष्ट्रात कुठेही काय, बाळ जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लेख लिहून जाते, ही समजूत जुनी आहे. कित्येक घरांत त्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण तर एका ओळीतली एकॉर्न थिअरीच आहे. फरक एकच, पण महत्त्वाचा. सटवाईचा लेख दुसरं कुणीतरी लिहितं. प्लेटोच्या कथेत आत्मा स्वतः निवडतो. हिलमन या दुसऱ्या बाजूला आहेत, आणि आपण नियतिवादी नाही हे ते मुद्दाम स्पष्ट करतात.

अजून दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगायलाच हव्यात. एक, ‘हाक म्हणजे करिअर’ असं त्यांचं म्हणणं नाही. माणसाचा स्वभाव, त्याची कामं करायची तऱ्हा, हीसुद्धा हाक असू शकते. दोन, मुलाचं जे काही बरं-वाईट होतं त्याचं खापर आईबापावर फोडायच्या सवयीवर ते जोरदार टीका करतात. पुस्तकाचा हा भाग आजही ताजा वाटतो.

पहिला आक्षेप : चुकीचं ठरवणार कसं?

पुस्तकातलं गाजलेलं उदाहरण स्पेनच्या मानोलेते या बैलझुंज खेळणाऱ्याचं आहे. लहानपणी हा मुलगा भित्रा, आईच्या पदराला धरून असायचा. पुढे तो स्पेनचा सगळ्यात मोठा मातादोर झाला आणि १९४७ मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी, बैलाचं शिंग लागूनच मेला. हिलमन म्हणतात, भित्रेपणाची भरपाई म्हणून तो शूर झाला असं म्हणू नका. उलट बघा. त्याच्या राखणदाराला पुढचे बैल आधीच माहीत होते, म्हणून ते पोर पदर सोडत नव्हतं.

वाचताना अंगावर काटा येतो. मग वही उघडा आणि एक प्रश्न लिहा : मानोलेते लहानपणी धीट असता, गोठ्यातल्या बैलांपुढे नाचला असता, तर? तेव्हाही हिलमननी म्हटलं असतं, बघा, बीज दिसतंय! भित्रा असला तरी पुरावा, धीट असला तरी पुरावा. मग कोणतं बालपण या सिद्धांताला चुकीचं ठरवेल? कोणतंच नाही. कार्ल पॉपर यांचा खंडनक्षमतेचा निकष तुम्ही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी पाठ केला असेल. तो वापरून बघायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

यावर हिलमन यांचं उत्तर ठरलेलं आहे : मी गृहीतक मांडत नाही, मिथक मांडतो आहे. ठीक. मिथकाला खंडनक्षमतेची कसोटी लावू नये, हे मलाही पटतं. सटवाई खरी की खोटी यावर कुणी प्रयोग करत नाही. पण मग मिथकासारखंच वागावं. पानोपानी चरित्रांतले दाखले पुराव्यासारखे रचायचे, आणि कुणी पुरावा तपासायला लागलं की ‘हे तर मिथक’ म्हणून बाजूला सरकायचं, ही सोय दोन्हीकडून घेता येत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं झालं तर गाईड लाल पेनाने गोल करतील.

दुसरा आक्षेप : चार खोक्यांपैकी एकच भरलं आहे

कागदावर चार खोकी आखा. पहिलं : लहानपणी खूण दिसली आणि माणूस त्या क्षेत्रात पोचला. दुसरं : खूण दिसली, पण पोचला नाही. तिसरं : खूण नव्हती, तरी पोचला. चौथं : खूणही नाही, पोचलाही नाही. ‘खुणेचा आणि पोचण्याचा संबंध आहे’ असं म्हणायचं असेल तर चारही खोक्यांत किती माणसं आहेत हे माहीत असावं लागतं. हिलमन यांचं पुस्तक जवळजवळ पहिल्या खोक्यातच राहतं. एला फिट्झजेराल्ड, येहुदी मेनुहिन, जुडी गार्लंड, सगळी पोचलेली माणसं. असामान्य माणसांत ही गोष्ट ठळक दिसते, म्हणून ती घेतली, हे त्यांचं समर्थन. पण ‘ठळक दिसते’ म्हणजेच बाकीची तीन खोकी पाहिली नाहीत.

दुसऱ्या खोक्यात कोण असतं हे समजायला महाराष्ट्रातला एक माणूस उपयोगी पडतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६), देवळालीतले शाळामास्तर. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर शिक्षण झालं नाही. १९६२ पर्यंत शाळेत शिकवलं आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. त्यांचा गाजलेला स्थिरांक ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोचता आणि तिथेच अडकता.

एकॉर्न थिअरीला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. पगार शाळेचा, ध्यास आकड्यांचा, कुणी सांगितलं नाही, कुणी थांबवलं नाही. पण त्यांचं काम जगभर पोचलं कधी? मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा. कापरेकर तेव्हा सत्तरीत होते. ते सदर आलं नसतं तर? माणूस तोच, ध्यास तोच, वह्याही त्याच. फक्त त्यांच्या चरित्रातल्या खुणा शोधायला कुणी गेलं नसतं. आपल्या जिल्ह्यांत दुसऱ्या खोक्यात किती जण आहेत हे कुणी मोजलेलं नाही, आणि मोजलेलं नाही म्हणून ते शून्य धरायचं नसतं.

तिसरा आक्षेप : बीज म्हणजे काय, हे तरी बघा

मी विज्ञानाचा पदव्युत्तर, त्यामुळे ओकच्या बीजाची उपमा मला सगळ्यात जास्त खटकते. बीजात अख्खं झाड दडलेलं असतं, हे काव्य म्हणून छान आहे. जीवशास्त्र म्हणून चूक आहे. कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हीसी यांनी १९४० च्या दशकात गाजलेले प्रयोग केले. एकाच रोपाचे तुकडे करून, म्हणजे जनुकीय दृष्ट्या तेच रोप, त्यांनी तीन उंचींवर लावलं : साधारण ३० मीटर, १४०० मीटर आणि ३०५० मीटर. रोप तेच, पण वाढ तीन ठिकाणी तीन तऱ्हांची. आणि खाली जे रोप सगळ्यात जोमदार, ते वर जोमदार असेलच असं नाही. एका जनुकीय रचनेतून कोणत्या परिस्थितीत काय काय उगवू शकतं, त्या सगळ्या शक्यतांच्या पट्ट्याला ‘रिअ‍ॅक्शन नॉर्म’ म्हणतात. बीज एक निकाल घेऊन येत नाही, शक्यतांचा पट्टा घेऊन येतं.

आपल्या भागात हे सांगायला कॅलिफोर्निया लागत नाही. एकाच वाफ्यातले पऱ्हे वरच्या बांधीत रोवा आणि बोडीखालच्या बांधीत रोवा. दिवाळीच्या सुमारास दोन्ही बांध्या बघून कुणी शेतकरी म्हणत नाही की वरच्या धानाला हाकच आली नव्हती. तो म्हणतो, पाणी पोचलं नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण हेच विसरतो. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांचं उदाहरण घ्या. इथे हिलमन यांना आधी एक गुण देऊ. कमलाबाईंचे वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ होते, म्हणून ‘घरचंच वातावरण’ असं कुणी म्हणेल. पण त्यांची सख्खी बहीण दुर्गा भागवत. घर एकच, एक जीवरसायनाकडे गेली, एक लोकसाहित्याकडे. घराच्या वातावरणाने सगळं समजत नाही हे हिलमन यांचं म्हणणं इथे बरोबर बसतं.

पुढचं मात्र त्यांच्या सिद्धांतात बसत नाही. १९३३ मध्ये कमलाबाईंनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा अटी घालून, परीक्षा म्हणून, आत घेतलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं. आता ही गोष्ट ‘आतली हाक किती प्रबळ होती बघा’ अशी सांगता येते, आणि तशीच सांगितली जाते. पण तशी सांगितली की दाराची चूक दिसेनाशी होते. उलट ज्या मुली पहिल्या नकारानंतर परत गेल्या, त्यांची हाकच कच्ची होती असा अर्थ निघतो. हा अर्थ कुणी उघड बोलत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा.

आपल्या मातीत या कल्पनेचा इतिहास

‘तुझं काम जन्माआधीच ठरलेलं आहे’ हे वाक्य अमेरिकेत १९९६ मध्ये मुक्तीसारखं ऐकू आलं असेल. आपल्याकडे त्याला दुसरा इतिहास आहे. हिलमन यांचं बीज व्यक्तीचं आहे, जातीचं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. तरीही जन्म आणि काम यांना जोडणारं कोणतंही तत्त्वज्ञान इथल्या वाचकाने दोनदा तपासून घ्यावं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलेला मुद्दा आठवा : जातिव्यवस्था ही नुसती कामाची विभागणी नाही, काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, आणि ती माणसाच्या कुवतीवर किंवा आवडीवर उभी नाही.

आणि त्यांचं स्वतःचं संशोधक म्हणून आयुष्य बघा. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया. तिथून लंडन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनॅम कॉलेजात नोकरी, पैशाची जुळवाजुळव, १९२० मध्ये पुन्हा लंडन, १९२३ मध्ये डी.एस्सी. १९१७ ते १९२० या काळात त्यांच्या आतली हाक कमी झाली होती का? ज्या भंडाऱ्यातून त्यांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तिथल्या मुलामुलींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फेलोशिपची तारीख आणि संशोधनाची गती यांचा संबंध सगळ्यांना पाठ आहे. आज जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे, १ जानेवारी २०२३ पासून. ज्याला ती मिळते त्याच्या हाकेला काही वर्षं तरी जेवण मिळतं. ज्याला मिळत नाही त्याला कुणीतरी सांगतं, “आवड असेल तर पैशाचं काय एवढं?” हाक स्वच्छ ऐकू येणाऱ्यांचा धोका तो हाच. ध्यासाच्या नावाखाली त्यांच्याकडून काहीही करून घेता येतं.

‘हाक सापडेल’ असं मानल्याने काय होतं?

हा प्रश्न तपासता येण्यासारखा आहे, आणि तपासला गेला आहे. पॉल ओकीफ, कॅरॉल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांचा २०१८ चा ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मधला पेपर जरूर वाचा. आवड ही आत तयारच असते, फक्त सापडायची असते, असं मानणारे आणि आवड घडवता येते असं मानणारे, अशा दोन प्रकारच्या लोकांची त्यांनी तुलना केली. एका प्रयोगात कृष्णविवरांवरचा सोपा व्हिडिओ दाखवला. तो सगळ्यांना आवडला. मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. ‘आवड सापडते’ असं मानणाऱ्यांचा रस जास्त घसरला. अवघड वाटतंय म्हणजे ही आपली हाक नव्हेच, असा त्यांचा हिशोब असावा.

मर्यादाही लक्षात ठेवा. प्रयोग थोड्या वेळाचे होते. एका लेखामुळे घसरलेला रस आणि पाच वर्षांची पीएचडी यांत मोठं अंतर आहे. तरी संशोधनात ‘अवघड लेख’ हा अपवाद नसतो, तो रोजचा डबा असतो. सहा महिने प्रयोग बसत नाही, तेव्हा ‘मला हाकच नव्हती’ हे स्पष्टीकरण फार सोयीचं वाटतं. खरं कारण बफरचा पीएच असू शकतो.

मग हिलमन वाचायचेच नाहीत का?

वाचायचे. पण १९९६ च्या आधी १९७५ वाचा. ‘री-व्हिजनिंग सायकॉलॉजी’ या त्यांच्या मोठ्या ग्रंथात हिलमन म्हणतात की आत्मा ही वस्तू नाही, ती बघण्याची एक रीत आहे. घटना आणि आपण यांच्यामध्ये थांबून, तिला अर्थ येऊ देण्याची रीत. कवी कीट्सच्या १८१९ मधल्या पत्रातून त्यांनी ‘आत्मा घडवणं’ ही कल्पना घेतली. या जगात जगता जगता आत्मा घडतो, असा त्याचा भाव. घडतो हे क्रियापद नीट बघा. एकवीस वर्षांनी त्याच लेखकाने आत्म्याला बीज केलं, त्याला ‘कोड’ म्हटलं, आणि जे बघण्याची रीत होतं त्याची आत ठेवलेली वस्तू झाली. माझ्या मते ‘द सोल्स कोड’चा सगळ्यात मोठा दोष विज्ञानाच्या कसोटीचा नाहीच. हिलमन यांनी आपलीच जास्त खोल कल्पना जास्त खपणाऱ्या कल्पनेसाठी सोडली, हा आहे.

त्या जुन्या हिलमनकडून संशोधनाच्या विद्यार्थ्याने घेण्यासारखं पुष्कळ आहे. लक्षणाला लगेच दुरुस्त करायला धावू नका, आधी त्याच्याकडे नीट बघा, ही त्यांची शिकवण विचित्र डेटा समोर आला की फार कामाला येते. आलेखातला जो एक बिंदू रेषेवर बसत नाही, त्याला पुसायच्या आधी त्याच्यापाशी थांबणं म्हणजे तेच.

म्हणून “संशोधनच का?” या प्रश्नाची तयारी करताना पाळण्यापर्यंत मागे जाऊ नका. गेल्या दोन वर्षांपुरतं बघा. कोणत्या प्रश्नाकडे तुम्ही परीक्षेत नसतानाही परत गेलात? कोणतं कंटाळवाणं काम, मोजणी म्हणा, नोंदी म्हणा, तुम्हाला इतरांपेक्षा कमी कंटाळवाणं वाटलं? आणि तिसरा प्रश्न, जो हिलमन विचारत नाहीत : पाणी कुठून येणार आहे? गाईड कोण, फेलोशिप कोणती, प्रयोगशाळेत उपकरण चालू आहे का, घरी किती वर्षं थांबू शकतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बारीक असली तरी चालतील. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर आधी ते शोधा, आणि ते मिळत नाही म्हणून स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवू नका.